क्लच सुटत नाही? गिअरबॉक्स खोलण्याआधी चौदा मिलिमीटर मोजा

माझ्याकडे गोणपाटात गुंडाळून ठेवलेली एक क्लच प्लेट आहे. जवळजवळ नवीच म्हणा. लायनिंग एकसारखं, रिव्हेट अजून आत खोल. माझ्या दोन सीटच्या जुन्या स्पोर्ट्स कारला रिव्हर्स पडेना, म्हणून एका गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून गिअरबॉक्स उतरवला आणि ही काढून नवी बसवली. सोबत प्रेशर प्लेट नवी, रिलीज बेअरिंग नवं. गाडी परत आली, मी रिव्हर्स टाकला आणि तोच खर्रर्र आवाज. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. दुखणं होतं स्लेव्ह सिलिंडरच्या, म्हणजे गिअरबॉक्सला बाहेरून बसवलेल्या, क्लच सोडवणाऱ्या छोट्या सिलिंडरच्या रबरात. गाडीखाली झोपून ते दहा मिनिटांत दिसलं असतं, पण तेव्हा बघायचं कुठं हेच मला माहीत नव्हतं.

त्यानंतर मी एक वही घातली. खाली लिहितोय ते त्या वहीतलंच आहे, थोडं नीट करून.

आधी हे बघा की तुमच्या गाडीचा क्लच हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, आहे की केबलवर चालतो. हसू नका. पोर्शे ९११ कॅरेराला १९८६पर्यंत केबल होती आणि १९८७च्या मॉडेलपासून, नवा जी५० गिअरबॉक्स आला तेव्हा, हायड्रॉलिक क्लच आला. बाहेरून दोन्ही गाड्या सारख्याच दिसतात. बॉनेटखाली ब्रेकच्या मास्टर सिलिंडरशेजारी आणखी एक छोटा सिलिंडर आणि त्यातून खाली जाणारा एकच पाइप दिसला, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

दुसरा प्रश्न: क्लच सुटत नाही की धरत नाही? बोलताना आपण दोन्हीला सरसकट "क्लच गेला" म्हणतो आणि तिथंच घोळ होतो. सुटत नाही म्हणजे पेडल पूर्ण दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून मोकळं होत नाही. गिअर पडताना अडतो, रिव्हर्स खरवडतो, सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये उभी गाडी पुढं सरकू बघते. धरत नाही म्हणजे उलटं. चढावर ॲक्सिलरेटर दिला की इंजिनाचा आवाज चढतो, गाडी मात्र आहे त्याच वेगानं चालते. हायड्रॉलिकचं दुखणं शंभरातल्या बहुतेक वेळा पहिल्या प्रकारचं असतं. दुसऱ्या प्रकारात प्लेट झिजलेली किंवा तेलकट झालेली असण्याची शक्यता जास्त. त्याला एक अपवाद आहे, तो पुढे सांगतो.

चार मिलिलिटरचा खेळ

पेडल दाबलं की मास्टर सिलिंडरमधला पिस्टन ब्रेक ऑइल ढकलतो, ते पाइपातून स्लेव्ह सिलिंडरात जातं, स्लेव्हचा पिस्टन एक दांडी बाहेर ढकलतो, दांडी फोर्क नावाची तरफ हलवते आणि फोर्क रिलीज बेअरिंगला प्रेशर प्लेटच्या पाकळ्यांवर दाबतो, की क्लच प्लेट सुटते. एवढंच. पण यात तेल हलतं किती, ते मी गणित केल्यावर कळलं.

माझ्या गाडीचा मास्टर ५/८ इंचाचा, म्हणजे साधारण १५.९ मिलिमीटर व्यासाचा, आणि स्लेव्ह ३/४ इंचाचा, म्हणजे १९ मिलिमीटरचा. मास्टरचं क्षेत्रफळ १९८ चौरस मिलिमीटर, स्लेव्हचं २८५. मास्टरचा पिस्टन कामाचे २० मिलिमीटर सरकला, तर स्लेव्हची दांडी २० गुणिले १९८ भागिले २८५, म्हणजे जेमतेम १४ मिलिमीटर सरकणार. आणि या सगळ्यात जागचं हललेलं तेल किती? चार मिलिलिटर. चहाच्या चमच्यापेक्षाही कमी.

आता त्यात एक मिलिलिटर हवा शिरली असं धरा. पूर्ण दाबलेल्या पेडलखाली पाइपात सहज पंचवीस-तीस बार दाब तयार होतो. त्या दाबाला हवेचा बुडबुडा चेपून जवळजवळ नाहीसा होतो, म्हणजे एक मिलिलिटर तेलाची ढकल तो बुडबुडाच गिळतो. दांडीचे साडेतीन मिलिमीटर गेले. चौदाचे साडेदहा झाले आणि प्लेट इंजिनाच्या फ्लायव्हीलला चिकटूनच राहिली. ब्रेकमध्ये एवढी हवा असली तर पेडल थोडं मऊ लागतं आणि गाडी तरी थांबते. क्लचमध्ये मात्र एवढ्यानं गिअर पडायचा बंद होतो. म्हणून "पेडल तर ठीक लागतंय" या वाक्यावर माझा आता काडीचा विश्वास नाही.

मोजणी

सगळ्या निदानाचं मर्म एका मोजमापात आहे: पेडल पूर्ण दाबल्यावर स्लेव्हची दांडी किती सरकते. पूर्ण सरकत असेल तर हायड्रॉलिक निर्दोष आणि दोष बेलहाउसिंगच्या, म्हणजे क्लच झाकणाऱ्या ओतीव कवचाच्या, आत. कमी सरकत असेल तर गिअरबॉक्सला हात लावायचा नाही, दोष बाहेर आहे. माझ्या त्या गॅरेजवाल्यानं हे एवढं केलं असतं तर मला गोणपाट लागलं नसतं.

गाडी सपाट जागी घ्या, इंजिन बंद, किल्ली खिशात. जॅकवर उचला, पण जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. मजबूत स्टँड लावा, जमिनीवरच्या चाकांना लाकडी ठोकळ्यांच्या ओट्या लावा, आणि गाडीला एक दणकट धक्का देऊन बघा, मगच आत सरका. स्लेव्ह बहुधा गिअरबॉक्सच्या बाजूला दोन बोल्टांवर बसलेला असतो, त्याच्या तोंडावर रबरी बूट आणि त्यातून फोर्ककडे जाणारी दांडी.

पेडल दाबायला माणूस लागतो. माझ्याकडे भाची होती. दांडीवर, बुटाच्या कडेलगत, पांढऱ्या खोडपेननं एक बारीक रेघ मारली, शेजारी स्टीलची पट्टी धरली आणि म्हटलं, "दाब." रेघ सरकली. नऊ मिलिमीटर. "अजून दाब." "मामा, पाय जमिनीला टेकलाय." नऊच. हिशेबानं चौदा हवे होते. पाच मिलिमीटर कुठंतरी गळत होते.

तुमच्या गाडीचा आकडा वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असेल तर तोच धरा. नसेल तर वरचं गणित करा. दोन्ही सिलिंडरच्या ओतीव अंगावर बऱ्याचदा व्यास कोरलेला असतो, आणि मास्टरची दांडी किती सरकते ते पेडलच्या बाजूनं मोजता येतं. त्यातले सुरुवातीचे एक-दोन मिलिमीटर वजा करा, कारण तेवढं अंतर ढिलाईत आणि मास्टरमधलं, ब्रेक ऑइलच्या टाकीकडचं बारीक भोक झाकण्यात जातं.

भाचीला तिथून लगेच हलू दिलं नाही. आणखी दोन गोष्टी करून घेतल्या. एक, पेडल भराभर चार-पाच वेळा मारून पाचव्याला धरून ठेवायचं. रेघ नऊवरून बारावर गेली. पंप मारल्यावर दांडी जास्त सरकत असेल तर आत हवा आहे किंवा मास्टरचं सील तेल पुरं धरत नाही. पंप मारूनही काडीचा फरक पडत नसेल आणि पेडल कडक असेल, तर पेडलच्या जोडणीकडे बघा. दोन, पेडल दाबून पूर्ण एक मिनिट धरायचं. रेघ हळूहळू मागं येऊ लागली आणि बाहेर कुठंच तेल दिसत नसलं, तर मास्टरच्या सीलवरून तेल मागच्या मागं टाकीत परत जातंय. हा रोग फार फसवा. चालवताना गिअर नीट पडतात, सिग्नलला मिनिटभर क्लच दाबून उभं राहिलं की गाडी सरकायला लागते.

ज्या गाड्यांत स्लेव्ह बेलहाउसिंगच्या आत, गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती गोल बसवलेला असतो, तिथं दांडीच नाही, मोजणार काय? तिथं मास्टर बाहेरच्या बाहेर तपासायचा आणि बेलहाउसिंगच्या तळाच्या भोकातून ब्रेक ऑइल ठिबकतंय का ते बघायचं. ठिबकत असेल तर गिअरबॉक्स उतरवण्याला पर्याय नाही, आणि मग उतरवलाच आहे तर प्लेटही बदलून टाका.

गळती कुठं आहे

स्लेव्हचा रबरी बूट बोटानं मागं सारा. आतून कोरडा, फार तर धुळकट असायला हवा. माझ्या गाडीत तो मागं सारताच काळं पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. काळं म्हणजे सिलिंडरचं रबर झिजून तेलात मिसळलेलं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, क्लचच्या लाइनीत ते खेळतं राहत नाही, आणि स्लेव्ह सगळ्यात खाली, म्हणून गाळ आणि गंज तिथंच. आतल्या भिंतीला बारीक खड्डे पडले की नवं रबरही त्यावर कापलं जातं.

ओलं दिसलं म्हणजे ब्रेक ऑइलच असं नाही. जुन्या गाडीच्या पोटाला तीन-चार प्रकारचं तेल लागलेलं असतं. वाटीत पाणी घेऊन त्यात थेंब सोडा. नेहमीचं ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं, इंजिन ऑइल आणि गिअर ऑइल वर तरंगतं. गिअर ऑइलला वर गंधकाचा वासही येतो. तेल रंगावर सांडलं तर पुसत बसू नका, आधी भरपूर पाणी ओता. ब्रेक ऑइल रंग खातं.

मास्टरची गळती गाडीच्या आत असते, आणि तिथं कोणी बघत नाही. पेडलच्या वर जिथं दांडी फायरवॉलमध्ये, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यात, शिरते, तिथं पांढरं टिश्यू गुंडाळून फिरवा. तिथून ओघळ पेडलच्या दांड्यावर आणि गालिचाखाली जातो. रंगाचे पापुद्रे सुटलेले दिसले तर गळती जुनी आहे.

टाकीतली पातळी बघाच. काही गाड्यांत क्लचला वेगळी टाकी नसते, ब्रेकच्या टाकीतूनच एक नळी जाते, आणि ती मुद्दाम जरा वरच्या उंचीवर काढलेली असते, म्हणजे क्लचची लाइन फुटली तरी ब्रेकपुरतं तेल खाली शिल्लक राहावं. अशा गाडीत क्लचनं हवा धरली तर पहिली शंका ब्रेक ऑइल कमी झाल्याची घ्या, आणि ते कमी का झालं हे कळेपर्यंत गाडी काढू नका.

सकाळी पेडल मेलेलं आणि पाच-दहा वेळा मारल्यावर दिवसभर जिवंत, असं असेल तर बहुधा स्लेव्ह. सीलची कड दाबाखाली भिंतीला घट्ट बसते आणि दाब नसताना सैल पडते, म्हणून रात्रभर उभ्या गाडीत तिथून थेंब बाहेर आणि हवा आत. उलट, सकाळी छान आणि इंजिन तापल्यावर बिघाड असेल तर आधी तेलाचं वय विचारा. डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल कोरडं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, पाणी शोषल्यावर ती मर्यादा १५५पर्यंत उतरलेली चालते असं मानक सांगतं. डॉट ३ला हेच आकडे २०५ आणि १४०. तेल उकळलं की वाफेचा बुडबुडाही हवेसारखीच ढकल गिळतो. आता बघा, तुमचा पाइप एक्झॉस्टपासून किती बोटांवर आहे.

मास्टर की स्लेव्ह, याचा निकाल लागत नसेल तर मास्टरच्या तोंडाला, पाइप काढून, त्याच मापाची घट्ट बंद टोपी बसवा आणि हवा काढा. आता पेडल दगडासारखं लागलं पाहिजे आणि मिनिटभर दाबलं तरी खचता कामा नये. खचलं तर मास्टर. नाही खचलं तर मास्टर निर्दोष आणि दोष स्लेव्हमध्ये किंवा त्याच्याकडे जाणाऱ्या लवचीक नळीत, म्हणजे होसमध्ये. काही जण यासाठी रबरी होस चिमट्यानं दाबतात. वीस-तीस वर्षांच्या होसवर मी तो प्रयोग करणार नाही, आणि वरून स्टीलची जाळी असलेल्या होसवर कोणीच करू नये.

आता तो अपवाद. क्लच घसरतोय, पण पेडलला हात न लावता स्लेव्हचं हवा काढायचं ब्लीडिंग निपल सैल केलं आणि तेल चिळकांडी मारून बाहेर आलं, तर लाइनीत दाब कोंडलेला आहे. होस आतून सुजून बंद झालेला असतो, नाहीतर मास्टरच्या दांडीला ढिलाई नसल्यामुळं ते बारीक भोक कधी उघडतच नाही. पेडल सोडलं तरी क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो. इथं प्लेट बदलणं म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

हायड्रॉलिकचं सोंग घेणारी दुखणी

दांडी कमी सरकते, पण तेलाचा दोष नाही, असंही होतं. पेडल आणि मास्टरची दांडी जोडणारी पिन काढून बघा. एमजीबीसारख्या जुन्या गाड्यांत ही पिन आणि पेडलचं भोक झिजून अंडाकृती होतं आणि प्रवासाचा मोठा वाटा तिथंच संपतो. पेडलचं ब्रॅकेट फायरवॉलला जिथं जोडलंय तिथं चीर पडली असेल तर दाबताना फायरवॉलच वाकते. एकानं दाबावं आणि दुसऱ्यानं टॉर्च धरून बघावं.

दांडी पूर्ण सरकते आणि तरी क्लच सुटत नाही, असं असेल तर मात्र आत जावं लागतं. ट्रायम्फ टीआर६मध्ये फोर्क ज्या शाफ्टवर बसतो तिथली टेपर पिन तुटते, मग शाफ्ट फिरतो आणि फोर्क जागेवर. बराच काळ उभ्या गाडीत प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या टोकाचं, गिअरबॉक्सच्या शाफ्टला आधार देणारं पायलट बेअरिंग जाम झालं तर क्लच सुटूनही गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरतच राहतो.

आत जाण्याआधी एक शेवटची खात्री करा. गाडी मागच्या चाकांवर चालणारी असेल तर एकच मागचं चाक स्टँडवर उचला, पुढची चाकं ओट्या लावून पक्की करा, हँडब्रेक सोडा, इंजिन बंद, गिअर पहिला. चाक हातानं फिरणार नाही. भाचीनं पेडल दाबलं की ते सुटं फिरलं पाहिजे. मग तिला पेडल अगदी हळू सोडायला सांगा आणि चाक ज्या क्षणी अडेल तिथं "थांब" म्हणा. पेडल जमिनीपासून किती वर आहे ते मोजा. पेडल जमिनीलगत असतानाच चाक अडत असेल तर तुमच्या क्लचकडे राखीव प्रवास उरलेला नाही. दोन्ही मागच्या चाकांना वेगवेगळं मोकळं फिरू न देणारं लिमिटेड-स्लिप डिफरन्शिअल असेल तर दोन्ही मागची चाकं उचलावी लागतील. जॅग्वार ई-टाइपवाल्यांनी तर हे दोनदा करावं, कारण तिथं क्लच बदलायचा म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनं बाहेर काढायचे.

बदलताना

स्लेव्ह गेला असेल तर मी मास्टर आणि होसही बदलतो. लोक म्हणतात चैन आहे. पण नव्या स्लेव्हनं दाब पूर्ण पेलला की जुन्या मास्टरचं थकलेलं सील महिन्याभरात मान टाकतं, हे मी एकदा भोगलंय. भिंतीला खड्डे असतील तर नुसती आतली रबरं बदलायच्या किटच्या नादी लागू नका. सीलला ग्रीस लावायचं तर ब्रेकसाठीचं लाल रबर ग्रीस लावा. साधं ग्रीस किंवा इंजिन ऑइल लागलं तर रबर फुगून वाया जातं. सिलिकॉनचं डॉट ५ नेहमीच्या तेलात मिसळायचं नाही. डॉट ५.१ वेगळं, ते डॉट ३ आणि डॉट ४च्याच कुळातलं आहे.

हवा काढताना निपलला पारदर्शक नळी, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या तेलात बुडालेलं. दाब, निपल उघड, निपल बंद, मगच पेडल सोड. हा क्रम चुकला की हवा परत आत. जुना मास्टर ठेवणार असाल तर पेडल तळापर्यंत आपटू नका. वर्षानुवर्षं न वापरलेल्या तळाच्या भागात गंज असतो आणि सीलची कड तिथं फाटते. पेडलखाली लाकडाचा तुकडा ठेवा. काही गाड्यांत निपल स्लेव्हच्या सर्वांत उंच जागी येत नाही, मग कितीही पंप मारा, एक बुडबुडा आत बसून राहतो. तिथं मी स्लेव्हचे दोन बोल्ट काढतो, पाइप न काढता तो तिरपा करून निपल वर आणतो आणि दांडी आत दाबून धरून हवा काढतो. पिस्टन मोकळा राहिला तर पहिल्याच दाबाला बाहेर उडेल आणि तेल तोंडावर येईल, म्हणून चष्मा लावा.

माझ्या गाडीत हे सगळं झाल्यावर भाचीला परत बसवलं. रेघ, पट्टी, "दाब." तेरा आणि थोडं. होसचा पीळ बघितला, निपल परत एकदा उघडलं, नळीत मोहरीएवढा एक बुडबुडा वर चढताना दिसला. परत दाबलं. चौदा.

रात्रभर गाडी तशीच उभी ठेवली. सकाळी बूट मागं सारून आत टिश्यूची घडी घातली आणि बाहेर काढून उजेडात धरली. कोरडी होती. वहीत तारीख टाकली, १४ लिहिलं, आणि मग रिव्हर्स टाकला.